कागदावरचे आकडे आणि सुनेचं रक्त
(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आम्ही मावळातल्या सुदुंबऱ्याच्या बचत गटातल्या बाया. आज आमची पाळी आहे म्हणून आलोय. बोलायची फारशी सवय नाही, कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात आमची बैठक चालू होती. हप्ते गोळा झाले, वहीत लिहून झाले, उठायची वेळ झाली, तेवढ्यात एका वहिनींनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. बाजारात कुणीतरी हातात दिलेला. गुळगुळीत कागद, वर हात जोडलेले पुढारी, खाली ठळक आकडे. इतक्या कोटी बहिणींना लाभ, इतक्या लाख घरी गॅस, इतक्या लाख नळजोडण्या. आणि तळाला, राज्यातली स्त्री आता सक्षम झाली. वहिनी म्हणाल्या, "हे खरं का खोटं तेवढं मला सांगा. माझ्या सुनेच्या खात्यात महिन्याला दीड हजार येतात. घरात गॅस आहे, दारात नळ आहे. तिला सातवा महिना लागलाय आणि डॉक्टर म्हणतात अंगात रक्त सातच्या थोडं वर आहे, बाळंतपण इथे करता येणार नाही, पुण्याला न्या. सगळं मिळालं म्हणता, मग रक्त कुठे गेलं?"

कुणीच काही बोललं नाही. उत्तर आमच्यापाशी नव्हतं. मग आम्ही ठरवलं की निदान त्या कागदावरचे आकडे तरी तपासू. गावातली एक लेक पुण्याला कॉलेजात शिकते, तिला बसवलं मोबाइल घेऊन. ती वाचणार आणि आम्ही विचारणार. असे चार रविवार गेले. त्यातून जे कळलं ते आज सांगतोय.

पहिली गोष्ट वहिनींनाच सुचली. कागदावर जेवढं आहे ते सगळं 'दिलं' या खात्यातलं आहे. पैसे दिले, गॅस दिला, नळ दिला. 'झालं' या खात्यात एकही ओळ नाही. पोरांचं वजन वाढलं का, पोरी दहावीच्या पुढे गेल्या का, बायांच्या अंगात रक्त आलं का, याबद्दल अक्षर नाही. आपण बचत गटात कर्ज देतो तेव्हा नुसतं किती वाटलं ते लिहून थांबतो का? त्या कर्जातून शेळी घेतली का, शेळी व्याली का, हप्ता फिटला का, हेही विचारतोच की.

आता लाडकी बहीण योजनेचं बोलू, कारण आपल्यातल्या बहुतेकींचा तिच्याशी संबंध आहे. २८ जून २०२४ ला राज्याच्या अर्थसंकल्पात ती जाहीर झाली. वय २१ ते ६५, घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत, महिन्याला १,५०० रुपये. ऑगस्टमध्ये रक्षाबंधनाच्या तोंडावर पहिले पैसे आले. नोव्हेंबरात निवडणूक होती, तिच्यात २,१०० चा शब्द दिला गेला. आम्ही काही या पैशाला नावं ठेवणार नाही. वर्षाचे १८,००० होतात. आमच्यातल्या एकीने त्यातून शिलाई मशीन दुरुस्त केलं, एकीने पोराची फी भरली, एका मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा डोळ्याचा नंबर काढून चष्मा घेतला. ज्यांना हे फुकट वाटप वाटतं त्यांनी मावशींना सुईत दोरा ओवताना एकदा बघावं.

पण आकड्याकडे बघू. दोन कोटी तीस-चाळीस लाख बायांना लाभ, असं सांगितलं गेलं. २०११ च्या जनगणनेत राज्यातल्या तान्ह्या पोरीपासून म्हाताऱ्या आजीपर्यंत सगळ्या मिळून बायका होत्या ५ कोटी ४१ लाख. त्यानंतर वाढल्या असतील. म्हणजे मोठ्या वयाच्या बायांपैकी केवढा मोठा वाटा या योजनेत बसला बघा. आमच्या लेकीने इथे एक प्रश्न टाकला. उत्पन्नाची अट अडीच लाखांची. त्या अटीत जर दोन कोटींवर बाया बसत असतील, तर हा आकडा सरकारने शाबासकी घ्यायचा आहे का काळजी करायचा? सरकारने किती दिलं हेही तो सांगतो आणि किती घरं ओढाताणीत आहेत हेही तोच सांगतो. कागदावर एकच बाजू छापतात.

बरं, तो आकडाही जागेवर राहिला नाही. २०२५ च्या जूनपासून सुमारे २६ लाख नावांचा हप्ता पडताळणीसाठी थांबवला, हे सरकारनेच सांगितलं. कुठे एका घरातून तीन-तीन अर्ज, कुठे दुसऱ्या योजनेचा लाभ चालू, कुठे चक्क पुरुषांची नावं. मग ई-केवायसी आली. म्हणजे निवडणुकीआधी जो आकडा फलकावर होता, त्यातल्या कितीतरी जणी नंतर अपात्र ठरल्या. खरंच अपात्र असतील त्यांचं ठीक. पण आमच्या एका काकूंचा अंगठा कष्टाने झिजलाय, मशीनवर उमटत नाही, त्या दोनदा हेलपाटे घालून आल्या. त्यांना कुठल्या रकान्यात मोजायचं?

या आकड्यांच्या खेळाची याहून जुनी गोष्ट संडासाची आहे, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. १८ एप्रिल २०१८ ला महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाला, असं राज्य सरकारने जाहीर केलं. त्याच वर्षी जुलै ते डिसेंबर या काळात केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाची माणसं घरोघरी फिरली. त्यांच्या पाहणीत निघालं की महाराष्ट्राच्या गावांमधल्या २२ टक्के घरांना संडासाची सोय नाही. म्हणजे पाचातलं एक घर. एकाच वर्षातले दोन आकडे, दोन्ही सरकारी.

मग खोटं कोण बोललं? आम्हालाही आधी वाटलं की राज्याने सपशेल थाप मारली. तसं नाही. राज्याने मोजलं ते २०१२ साली केलेल्या यादीवरून. त्या यादीत ज्या घरांपुढे 'संडास नाही' असं होतं, त्यांना बांधून दिला की काम पूर्ण. आता आठवा, २०१२ नंतर आपल्या आळीत किती भाऊ वेगळे झाले, किती पोरांची लग्नं होऊन नव्या चुली मांडल्या. ती घरं यादीतच नाहीत. कातकरी वस्ती तर एका जागी राहतच नाही, वीटभट्टीवर गेलेलं कुटुंब यादी करणाऱ्याला सापडणार कसं? यादीपुरतं काम झालं होतं, गावापुरतं नाही. आणि पाहणीवाल्यांनीही आपल्या अहवालात एक कबुली दिली, की संडास नाही म्हटलं तर सरकारी पैसे मिळतील या आशेने काहींनी 'नाही' सांगितलं असेल. म्हणजे खरा आकडा २२ हून थोडा खाली असेल. पण शून्य नव्हता, हे नक्की.

आम्हाला यातून एक सवय लागली. आकडा ऐकला की विचारायचं, कुठली यादी, कुठल्या सालची, आणि यादीबाहेर कोण राहिलं.

नळाचंही थोडक्यात तेच. जलजीवन मिशन २०१९ ला सुरू झालं, २०२४ पर्यंत प्रत्येक घरी नळ देऊ म्हणाले, मग २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुदत २०२८ पर्यंत वाढवली. नियमाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर पाणी यायला हवं. कागदावर मोजतात ती जोडणी. तोटी कोरडी आहे का ओली, हे आपल्यालाच माहीत असतं.

आता वहिनींच्या सुनेकडे येऊ. देशात काही वर्षांनी एकदा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते. केंद्राच्या आरोग्य खात्यासाठी मुंबईतली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती करते. घरोघरी जाऊन वजन-उंची घेतात, बोटाला टोचून रक्त बघतात. पाचव्या फेरीत आपल्या राज्यात ती २०१९ मध्ये झाली, त्याआधीची २०१५-१६ ला. या दोन फेऱ्या शेजारी ठेवल्या आणि आम्ही गप्प झालो. १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये रक्त कमी असलेल्या आधी १०० त ४८ होत्या, नंतर ५४ झाल्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांमध्ये ५४ वरून ६९. आणि पाच वर्षांखालच्या पोरांमध्ये वयाच्या मानाने बुटकी राहिलेली ३४ टक्के होती, ती ३५ झाली. म्हणजे जागच्या जागी.

त्याच पाहणीत चांगलंही खूप आहे, ते लपवायचं नाही. दवाखान्यात होणारी बाळंतपणं ९० वरून ९५ टक्क्यांच्या जवळ गेली. गॅस किंवा तसं स्वच्छ इंधन वापरणारी घरं ६० वरून ८० टक्क्यांवर. स्वतः वापरतात असं बँक खातं असलेल्या बाया ४५ वरून ७३ टक्क्यांवर. अठराच्या आत लग्न झालेल्या पोरी २६ वरून २२ वर आल्या. हे काही थोडं नाही. आमच्या आयांच्या पिढीत यातलं काहीच नव्हतं.

मग बघा काय दिसतं. जी वस्तू देऊन संपते ती झाली. सिलिंडर, खातं, दवाखान्यातली खाट. ज्याला रोजचं ताट लागतं, पुरेसा आराम लागतो, घरातल्या वाटपात बाईचा वाटा लागतो, ते झालं नाही. लोहाच्या गोळ्यांचंच घ्या. आशाताई गोळ्या देतात, रजिस्टरवर 'दिल्या' अशी नोंद होते. पोटात किती गेल्या? वहिनींच्या सुनेने नंतर सांगितलं, गोळीने मळमळायचं म्हणून ती चहाबरोबर घ्यायची, कधी उशाखाली ठेवून द्यायची. चहाबरोबर गोळी घेतली तर लोह अंगाला लागत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. लिंबू-पाण्याबरोबर घ्या, चहा दोन तासांनी. गरोदर बाईला ११ च्या वर रक्त हवं, ७ च्या खाली गेलं तर जिवाला धोका. आमच्या बैठकीत विचारलं तर बहुतेकींना स्वतःचा आकडाच माहीत नव्हता. मोबाइलचा नंबर पाठ, आधारचे शेवटचे चार आकडे पाठ, रक्ताचा आकडा नाही.

इथे आम्हाला एक घाई झाली होती, ती सांगतो म्हणजे तुमची होणार नाही. आम्ही म्हणालो, बघा, लाडक्या बहिणीचं रक्त कमी झालं, योजना फसली! लेकीने थांबवलं. म्हणाली, "पाहणी २०१९ ची, योजना २०२४ ची. योजनेआधीच्या आकड्यावरून योजनेला नापास कसं करता?" बरोबर होतं तिचं. त्या आकड्यावरून २०१९ च्या आधी राज्य कुठे होतं तेवढं कळतं. दीड हजारांनी काय बदललं ते पुढच्या मोजणीत दिसेल, मोजलं तर. कारण पुढच्या, सहाव्या फेरीतून रक्ताची ही तपासणी काढून वेगळ्या पाहणीकडे दिली. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावरून आकडा नीट येत नाही, असं काही तज्ज्ञांचं म्हणणं होतं, आणि त्यात तथ्य असू शकतं. पण मोजायची पद्धत बदलली की जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी ठेवता येत नाही. आणि तसे ठेवून कुणी पाठ थोपटून घ्यायला लागलं तर आपण सावध राहायचं.

असं आधी झालेलंही आहे. २००५ मध्ये राज्यात राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं, कुपोषणासाठी. २०१२ साली पोषणाची मोठी पाहणी झाली आणि बातमी आली की बुटक्या मुलांचं प्रमाण ३९ वरून २३ टक्क्यांवर उतरलं. देशभर कौतुक झालं, ते बरंचसं योग्यही होतं. पण ते आकडे दोन वर्षांखालच्या लेकरांचे होते. नंतर २०१५-१६ ला ३४ टक्के आले ते पाच वर्षांखालच्यांचे. काहींनी लगेच ओरड केली की सगळं पुन्हा बिघडलं. अहो, पण वय वेगळं, पाहणी वेगळी! मापट्याने मोजलेले तांदूळ आणि शेराने मोजलेले तांदूळ यांची तुलना करून घरात भांडण लावण्यासारखं झालं हे.

आता पुणे जिल्ह्याचं. आपला जिल्हा श्रीमंत. इकडे चाकण, तळेगाव, कंपन्याच कंपन्या, सकाळी बायांना न्यायला गाड्या येतात. उत्पन्नात राज्यातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत आपला नंबर. पण सरासरी फार फसवी असते. हिंजवडीतला पगार आणि आंदर मावळातल्या ठाकरवाडीतली मजुरी एकत्र करून भागली की दोघंही मध्यम होतात. कागदावर. वाडीवरच्या बाईला मात्र अजून दवाखान्यासाठी उतरून वडगाव नाहीतर तळेगाव गाठावं लागतं.

आणि श्रीमंतीने सगळं सुधारतं म्हणणाऱ्यांना हा आकडा दाखवा. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली किती? आख्ख्या राज्यात ८९४. गडचिरोलीत, जिथे रस्ते नाहीत, दवाखाने लांब, ९६१. आणि पुणे जिल्ह्यात ८८३. दहा वर्षांपूर्वी, २००१ ला, आपल्याकडे ९०२ होत्या. म्हणजे कंपन्या वाढल्या, बंगले वाढले आणि मुली कमी झाल्या. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात सगळ्यात पहिला कायदा आपल्याच राज्याने केला, १९८८ साली. मुलींसाठी योजनाही आल्या. २०१४ ला सुकन्या, २०१६ ला माझी कन्या भाग्यश्री, २०२३ पासून लेक लाडकी, तिच्यात मुलगी अठराची होईपर्यंत टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार. सरकार बदललं की योजनेचं नाव बदलतं, आणि नाव बदललं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. जुन्या योजनेने हजारामागे किती मुली वाढल्या, हे विचारायच्या आत नव्या योजनेचा फलक लागतो. हे एका पक्षाचं नाही, सगळ्यांचं सारखंच आहे.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे तुमच्या-आमच्या गावाचा शेवटचा पक्का आकडा अजून २०११ चाच. तेव्हा जन्मलेली पोर आता हायस्कुलात आहे. पुढची जनगणना २०२७ ला ठरलीय. तोवर प्रत्येक दावा कुणाच्या ना कुणाच्या अंदाजावर चाललाय, हे ध्यानात असू द्या.

कुणी म्हणेल, मग लोकांना खूश करणाऱ्या योजना वाईटच का? नाही हो. तामिळनाडूत १९८२ साली मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी शाळेत पोरांना जेवण द्यायची मोठी योजना आणली, तेव्हा मतांसाठी भात वाटतात म्हणून हसलेच होते लोक. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं जेवण देशभरच्या सरकारी शाळांत द्यायला सांगितलं. आज आपल्या शाळेतली खिचडी त्याच वाटेने आलीय. आणि लांब तिकडे मेक्सिकोत १९९७ ला आयांच्या हाती पैसे द्यायची योजना निघाली, प्रोग्रेसा नावाची. त्यांनी एक शहाणपणा केला. ५०६ गावं निवडली. ३२० गावांत योजना आधी सुरू केली, १८६ गावांत नंतर. मधल्या काळात दोन्हींकडची शाळेतली हजेरी, पोरांचं आजारपण मोजलं. पैसे मिळालेल्या गावांत पोरी जास्त शिकत राहिल्या, हे पुराव्यानिशी दिसलं. पुढे तिथलं सरकार बदललं, तरी योजना लगेच गेली नाही. आपल्याकडे एवढे हजारो कोटी जातात, त्यातले थोडे मोजायला ठेवले असते तर दीड हजारांनी काय होतं हे आज छातीठोक सांगता आलं असतं. मग बंद करा म्हणणाऱ्यांनाही गप्प करता आलं असतं. आमच्या मते सरकारची खरी चूक पैसे देण्यात नाही, ती इथे आहे.

आमचं सुदुंबरे संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीचं गाव. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले, असं आपण मानतो. तेव्हा लिहून ठेवायचं वावडं आम्हाला असायचं कारण नाही. गटाच्या वहीत आता हप्त्याच्या रकान्याशेजारी दोन रकाने वाढवलेत. एक रक्ताचा आकडा, दर तीन महिन्यांनी. दुसरा घरातल्या पाच वर्षांखालच्या पोराचं वजन, अंगणवाडीत घेतात तेच. कुणाचा आकडा बाहेर बोलायचा नाही, वही अध्यक्षांच्या ताब्यात.

ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यायची असते, तसा कायदाच आहे, पण बऱ्याच गावांत ती सह्या घेऊनच होते. यंदा आम्ही ती बसून घेतली. ग्रामसेवकांना जन्मनोंदणीच्या रजिस्टरवरून गेल्या पाच वर्षांत गावात मुलगे किती जन्मले, मुली किती, हे वाचून दाखवा म्हणालो. अंगणवाडीताईंना विचारलं, तीव्र कमी वजनाची मुलं किती, मागच्या वर्षी किती होती. थोडी कुरकुर झाली. एक भाऊ म्हणाले, "तुम्हाला पैसे मिळतायत ना, मग चौकशा कशाला?" त्यांना आमच्या काकूंनी सांगितलं, "पैसे आमच्याच करातले आहेत. मिठाची पुडी घेतली तरी दुकानदाराला वजन विचारतो आम्ही." जन्माचे आकडे मिळाले नाहीत, पुढच्या सभेला देतो म्हणून सांगितलंय. ते इतिवृत्तात लिहून घेतलंय, सही-शिक्क्यासह. तुम्हीही विचारायचं झालं तर तोंडी विचारू नका, लिहून द्या आणि पोच घ्या. जिल्ह्याचे आकडे हवे असतील तर जिल्हा सांख्यिकी कार्यालय 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' नावाचं पुस्तक काढतं, मराठीत असतं. कुटुंब आरोग्य पाहणीची जिल्हावार पत्रकंही निघतात. गावातल्या शिकणाऱ्या पोरींना शोधायला लावा.

वहिनींची सून पुण्याला बाळंत झाली. दोन बाटल्या रक्त द्यावं लागलं. मुलगी आहे, वजन सव्वादोन किलो. दोघी घरी आल्यात. गाडीला आणि वरच्या औषधांना पैसे लागले ते गटातून अंतर्गत कर्ज दिलं, आणि वहिनी म्हणतात त्यातले पहिले दोन हप्ते सुनेच्या दीड हजारांतून फेडू. आम्ही नको म्हणालो. ते पैसे सहा महिने तिच्या ताटातच जाऊ देत, हप्ता नंतर बघू, असा ठराव झालाय. पुढच्या महिन्यात तिचं रक्त परत तपासायचंय.

एवढं बोलून आम्ही थांबतो.